पेढीचे श्रेय पेढीला द्यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतील वारसा इमारतींवर आपल्या पुरवणीत अधूनमधून येणारे लेख माहितीपूर्ण असतात व मी ते आवडीने वाचतो. मात्र प्रत्येक इमारतीपुढे एकाच वास्तुविशारदाचे नाव देण्याची जी पद्धत त्यांत रूढ झाली आहे, तिच्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात. मुंबई सेंट्रल स्थानक क्लॉड बॅटली यांचे, ब्रेबर्न स्टेडियमही त्यांचेच, असे लिहिले की ज्या भागीदारीतून ही कामे झाली, ती ‘ग्रेगसन, बॅटली अँड किंग’ ही वास्तुविशारदांची पेढी वाचकाच्या नजरेआडच राहते.

बॅटली १९१३ मध्ये मुंबईत आले आणि १९१७ पासून या पेढीचे भागीदार झाले. १९३० मध्ये, अवघ्या एकवीस महिन्यांत उभे राहिलेले मुंबई सेंट्रल, १९३७ चे ब्रेबर्न स्टेडियम, कुलाब्याची खुसरो बाग, अपोलो बंदराजवळचा धनराज महल ही सारी या पेढीच्या खात्यावरची कामे. त्याच काळात, १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षे, बॅटली मुंबईच्या जे.जे. कला विद्यालयात वास्तुकलेच्या शिक्षणाची धुरा वाहत होते. दिवसा वर्ग घेणाऱ्या माणसाने एवढे सगळे नकाशे एकट्याने काढले असतील, हे कोणाला पटेल? बॅटली मोठे होतेच, याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यामागे दोन भागीदार होते आणि ड्रॉइंग बोर्डांवर वाकलेले कितीतरी ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे सहायक, होते. जे.जे.मध्ये ड्राफ्ट्समनचे वर्ग १८९६ मध्येच सुरू झाले होते, तेव्हा हे हात कुठून आले असतील याचा अंदाज सहज बांधता येतो.

आडनाव एकच असले तरी घोळ होतो, तो स्टीव्हन्स यांच्या बाबतीत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी १८८४ मध्ये सरकारी नोकरी सोडून खासगी व्यवसाय सुरू केला, महापालिकेची इमारत आणि चर्चगेटचे रेल्वे मुख्यालय उभे केले आणि १९०० मध्ये ते वारले. पुढे त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी तोच व्यवसाय चालवला व १९३३ चे रीगल चित्रपटगृह त्यांचे आहे. वडिलांच्या कमानी-मनोऱ्यांचा रीगलच्या सपाट, गुळगुळीत दर्शनी भागाशी सुतराम संबंध नाही. तरीही नुसते ‘स्टीव्हन्स’ लिहिले की वाचक दोघांची गल्लत करणारच. बोरीबंदर स्थानकाच्या (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) बांधकामावर सहायक अभियंता असलेले रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांचे नाव तर क्वचितच कुठे आढळते. ताजमहाल हॉटेलचा आराखडा त्यांनी डी. एन. मिर्झा यांच्यासह केला आणि वैद्य यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी १९०३ मध्ये ते काम तडीस नेले, हा तपशीलही एका ओळीत मावण्याजोगा आहे.

१९३०च्या दशकात पेढ्यांच्या पाट्यांवर आपल्याकडची नावे दिसू लागली, ही माझ्या मते या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना. ‘मास्टर, साठे अँड भुता’ हे त्याचे ठळक उदाहरण. फोर्टमधील त्यांची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत (१९३६) रस्त्याच्या पलीकडच्या पदपथावरून, मान वर करून पाहावी. सूत कातणाऱ्या बायका, कुंभार, शेतकरी अशी एन. जी. पानसरे यांची शिल्पे भिंतीत अशी बसवली आहेत की वास्तुविशारदाचे काम कुठे संपले आणि शिल्पकाराचे कुठे सुरू झाले, हे सांगता येऊ नये. या पेढीतील भुता पुढे ‘जी. एम. भुता अँड असोसिएट्स’ या नावाने काम करू लागले. १९५२ मध्ये खुल्या झालेल्या जहांगीर कलादालनाचे श्रेय कुठे दुर्गा बाजपेयी यांना, तर कुठे या भुता पेढीला दिलेले आढळते. दोन्ही नावे शेजारी छापली तर बिघडले कुठे?

माझी विनंती एवढीच की, यापुढच्या लेखांत पेढीचे त्या वर्षी असलेले पूर्ण नाव द्यावे आणि भागीदार बदलले असतील तर तसा उल्लेख करावा. शिवाय, जुन्या पेढ्यांची कार्यालये हलतात वा बंद होतात, तेव्हा ट्रेसिंग कापडावरचे नकाशे पहिल्यांदा रद्दीत जातात. असे नकाशे ज्यांच्या माळ्यावर पडून असतील, त्यांनी ते एखाद्या वास्तुकला महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे सोपवावेत, असे आवाहन आपण आपल्या दैनिकातून करावे.

आपला,
एक वाचक, गिरगाव