मातोश्रींपासून लपवलेलं कार्ड

आदरणीय आजोबा,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी माझ्या जुन्या पोस्टकार्डावरची मोडी लिपी वाचून दिलीत, त्याचे पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजलात. म्हणून हे आभारपत्र, मुद्दाम सगळ्यांसमोर.

चोरबाजारात चारशे रुपयांना घेतलेलं ते पोस्टकार्ड मी वर्षभर नुसतं बघत होते. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या माणसांची मिश्कील कार्डं काढली, त्यातलं एक. ठसकेबाज मोलकरीण, तिची ती नजर, खाली इंग्रजी मथळा. आणि चित्राच्या कडेकडेनं मुंग्यांच्या रांगेसारखी मोडी. तेव्हा मागची बाजू फक्त पत्त्याची, त्यामुळे मजकूर चित्राभोवतीच कोंबायचा. एवढं नखरेल चित्र निवडलंय म्हणजे प्रेमपत्रच असणार, असं मी धरून चालले होते.

धुरंधरांचं नाव ऐकताच तुमचं आधी "आमच्या कोल्हापूरचे!" झालं. तिथून गाडी जे. जे. स्कूलवर गेली, कार्ड हातात तसंच. मग कधीतरी भिंग आलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, हे मी वाचलं होतं. पण ओळ मोठ्यानं म्हटली की ती कुठे तुटते ते कानाला कळतं, हे तुमच्याकडे बसून समजलं.

आणि निघालं काय? धाकट्या भावाला आशीर्वाद. आंब्याची पेटी पोचली, सहा नासके निघाले. छत्री तिकडेच राहिली, कोणाबरोबर तरी पाठवणे. माझं प्रेमपत्र संपलं!

शेवटची ओळ कार्ड उलटं धरून लिहिलेली, कड झिजलेली. तिच्यावर तुम्ही अर्धा तास अडलात आणि मग ठसका लागेपर्यंत हसलात: "चित्र मातोश्रींचे दृष्टीस पडू न देणे." अहो, उघडं कार्ड! पोस्टमनपासून अख्ख्या वाड्यानं पाहिलं असणार. तेवढ्यात आजी स्वयंपाकघरातून "काय झालं?" म्हणत आल्या, आणि तुम्ही कार्ड चटकन पेपराखाली सरकवलंत.

मी ते लॅमिनेट करणार होते. तुम्ही ओरडलात, तेही बरं झालं. वाचन वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, कार्डाला हात लावलेला नाही.

तुम्ही मागितलेला फोटो मोठा करून पाठवते आहे. बंद पाकिटातून.

आपली,
नासक्या आंब्यांची वारसदार