बाबा, आता नीट सांगते

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रविवारी बाबांनी विचारलं, "म्हणजे तू नक्की करणार काय?" मी वीस मिनिटं बोलले. शेवटी बाबा नुसतं "बरं" म्हणाले. तो "बरं" मी निकालाच्या दिवसापासून ओळखते.

नोकरी सोडलीय, राजीनामाही मंजूर झाला; आता स्वतःचा धंदा करतेय. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. पण घाई केलेली नाही. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवलाय, विमा चालू आहे, जेवण-झोप वेळेवर होते.

धंदा थोडक्यात सांगण्याला एलिव्हेटर पिच म्हणतात. लिफ्ट वर पोचेपर्यंत, म्हणजे अर्ध्या-एक मिनिटात, अडचण कोणाची, आपण काय करतो, आपल्यावर विश्वास का ठेवायचा आणि पुढे काय करायचं, एवढं समोरच्याला कळायला हवं. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, दोर तुटला तरी लिफ्ट पडू न देणारा ब्रेक बनवणारा एलिशा ओटिस उंच टांगलेल्या फळीवर उभा राहिला आणि त्याने दोर कापायला लावला. फळी जागीच अडली. त्याच्या ब्रेकबद्दल वेगळं भाषण लागलंच नाही.

माझं पहिलं वाक्य 'ज्येष्ठांसाठी सर्वसमावेशक आरोग्यसेवा' असं होतं. खोडलं. आई, बाबांनी सकाळची गोळी घेतली का, हे बघायला तू पट्टी उजेडात धरून रिकामी घरं मोजतेस ना, तिथून सुरुवात केली:

"'गोळी घेतली का?' हा प्रश्न ज्या घरात रोज पडतो, त्यांच्या महिन्याभराच्या गोळ्या आम्ही वेळेप्रमाणे वेगळ्या पुड्यांत घरी पोचवतो. पुड्या परवानाधारक फार्मासिस्ट भरतात, वर वार आणि वेळ मोठ्या अक्षरांत. पुडी फाडलेली दिसली की गोळी घेतली. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, एक महिना वापरून बघा."

घड्याळ लावून वाचलं, अर्धं मिनिट लागतं.

कोणी विचारलं तर एवढंच सांगायचं. बाबा, "नोकरी सोडली" इथून सुरुवात करायची नाही. लाज म्हणून नव्हे हो, पुढचं कोणी ऐकत नाही. पाढे म्हणताना मी अडले की तुम्ही पुढचा आकडा हळूच सांगायचात, तसं आताही सांभाळून घ्या.

रात्रीची गोळी चुकवू नका. आई, गुडघा दुखत असताना स्टुलावर चढायचं नाही.

हे दोघांनी एकदा मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल त्या शब्दाखाली रेघ मारून ठेवा. रविवारी फोन करते, तेव्हा तो शब्द बदलू.

तुमची,
चिमी