बुंध्याकडे आधी पाहा

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

जर्मनीतल्या माइसनच्या पोर्सेलिन (चिनी माती) कारखान्यातली शेतकऱ्याची किंवा मजुराची मूर्ती पाहायला मिळेल तेव्हा चेहऱ्याआधी पायांमागचा झाडाचा बुंधा बघ. तो शोभेचा नाही. शेवटच्या मोठ्या भट्टीत, 1400 अंश सेल्सियसच्या आसपास, पोर्सेलिन मऊ पडतं आणि बारीक पाय धडाच्या भाराने घोट्यात वाकतात. बुंधा, पेंढी, टोपली हे सगळे त्या भाराचे वाटेकरी. 1731 मध्ये तिथे रुजू झालेल्या मूर्तिकार योहान योआखिम केंडलरची खरी हुशारी मला इथेच दिसते: आधार आहे, पण तो आधार वाटत नाही.

मूळ नमुन्याचे डोकं, हात, धड असे तुकडे करून प्रत्येकाचा प्लास्टरचा साचा घेत. काओलिन, फेल्डस्पार आणि गारगोटीची माती त्यात अंगठ्याने दाबायची. प्लास्टर पाणी शोषतं, माती आकसते, तुकडा सुटतो. मग त्याच मातीच्या दाट घोळाने जोडकाम. सगळे तुकडे सारखेच ओले हवेत. हात धडापेक्षा ओला असला तर तो जास्त आकसतो आणि खांद्याच्या सांध्यात तडा जातो. पोकळ धडाला खाली भोक नसेल, तर आतली वाफ मूर्ती फोडते.

पुढे आलेल्या, विळा धरलेल्या हाताला टेकू द्यायचा तो त्याच कच्च्या मातीचा. भाजताना मूर्ती सुमारे एक षष्ठांशाने लहान होते; टेकू तेवढाच आकसला नाही, तर हात वर ढकलला जातो.

कपड्यांवरची फुलं पाहून फसू नकोस. या मूर्ती सरदार-दरबारी लोकांच्या जेवणाच्या शेवटच्या गोडाच्या मेजावर, पूर्वीच्या साखरेच्या मूर्तींच्या जागी मांडल्या जात. म्हणून शेतकऱ्याच्या अंगावर चिखल नाही. ते गुलाबी, पिवळे रंग झिलईवर चढवून कमी आचेवर पक्के करत. मोठ्या भट्टीत ते टिकले नसते. कोबाल्टचा निळा मात्र टिकतो, म्हणून माइसनची खूण, एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी, झिलईखाली निळ्यात असते.

नुसत्या खुणेवर विश्वास ठेवू नकोस. तलवारींच्या मुठींमध्ये ठिपका असेल तर साधारण 1763 ते 1774, तारा असेल तर त्यानंतरचा काळ. पण खूण नकली असू शकते, आणि माइसननेच एकोणिसाव्या शतकात जुन्या नमुन्यांवरून पुन्हा मूर्ती काढल्या. बोटं, टोपीची कड, विळ्याचं टोक अतिनील दिव्याखाली तपास. जोडून रंगवलेला भाग बऱ्याचदा वेगळा चमकतो.

तुझा,
माधव