आवाज नसला तरी नाव दे

पंचवटी, नाशिक

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

तुमच्या ऑफिसात समूहगान बसवतायत आणि "मला कुठे आवाज आहे" म्हणून तू नाव दिलं नाहीस, हे ताईकडून कळलं. अरे, आवाज नसलेल्यांसाठीच तर ते असतं! आवाजाचा धनी एकटाही गाईल.

आमच्या भजनी मंडळात पक्क्या सुराच्या बायका बोटांवर मोजण्याइतक्या. पेटीवाल्या काकूंनी पट्टी वर धरली की मी गडबडते, खाली उतरवली की दुसऱ्या कुरकुरतात. पण खरी गंमत श्वासाची. अभंगाची लांबलचक ओळ एका दमात माझ्याच्यानं होत नाही. मी दम घेते तेव्हा शेजारीण गात असते, तिचा दम सरतो तेव्हा मी. दोघींनी एकाच जागी थांबायचं नाही, एवढं पाळलं की ऐकणाऱ्याला ओळ अखंड.

स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 साली एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. गाण्याच्या ओळींबरोबर सगळ्यांच्या ठोक्यांचा वेग बरोबरीनं कमीजास्त होत होता. ओळ म्हणताना श्वास सावकाश सुटतो आणि श्वास सोडताना ठोके मंदावतात, म्हणून. (बीपीची गोळी मी घेतेच हो, काळजी नको.)

पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपल्या नाशकात आश्रम काढला होता. एवढा मोठा गवई, पण रामनाम समोरच्या साध्यासुध्या माणसांकडूनही म्हणवून घ्यायचा. सगळ्यांचे गळे काय तयारीचे होते? आणि जेष्ठात त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी नाशकात येते, तेव्हा दिंडीत उभा राहून बघ. एकानं चरण धरला की टाळकरी उचलतात, मागच्या बायका उचलतात, डोक्यावर तुळस घेतलेली आजीसुद्धा. त्यात बेसूर कोण, शोधून दाखव मला.

तर उद्याच नाव दे. सुरुवातीला मागच्या रांगेत, एखाद्या पक्क्या गळ्याच्या माणसाला खेटून उभा राहा. त्याचा सूर कानात घे आणि तोंड उघडून गा, गणपतीच्या आरतीला करतोस तसं नुसतं ओठ हलवणं नको.

आणि हो, गुरुवारी संध्याकाळी फोन करू नकोस. तालीम असते, मी उचलणार नाही.

तुझी,
आई