वकिलाच्या रोजनिशीतील माणसे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ) सुरू झाले, तेव्हापासून संस्थानकाळातील वकिलांची आठवण काढली जाते, हे चांगलेच आहे. मात्र एखाद्याच्या रोजनिशीत राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिसले, की त्याला लगेच ‘महाराजांचे निकटवर्ती’ ठरवले जाते, हे मला खटकते. गाठभेट निराळी आणि घरोबा निराळा.

शिवाजी पेठेतील एका वाड्याची आवराआवर चालू असताना अशीच एक रोजनिशी पाहायला मिळाली. तीत ‘बापू’ पानोपानी येतात. नीट वाचल्यावर कळते, की हे बापू तिघे आहेत. एक तारीख आणि फी यांच्याच आगेमागे येतो, म्हणजे तो पक्षकार. दुसऱ्याकडून हातउसने घेतल्याच्या नोंदी शेवटच्या पानांवर आहेत. तिसरा सणावाराला पंगतीत असतो आणि त्याचे आडनाव कुठेच नाही, कारण घरच्या माणसाचे आडनाव कोण लिहून ठेवतो? सर्वांत जवळचा माणूस ओळखायला सर्वांत अवघड जातो तो यामुळेच. त्यासाठी वकीलपत्रे, खरेदीखते, लग्नपत्रिका आणि त्या वर्षाचे पंचांग शेजारी घेऊन बसावे लागते.

अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे यांच्या रोजनिशा या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह होता, १९०८ च्या शिक्षेनंतर टिळकांसाठी ते विलायतेला गेले आणि ताईमहाराज प्रकरणात (पुण्याचे सरदार बाबामहाराज यांच्या मागे त्यांच्या विधवा ताईमहाराज यांच्या दत्तकावरून झालेला दावा) दोघे बाबामहाराजांच्या इस्टेटीचे विश्वस्तही होते; मैत्री, राजकारण आणि कोर्टकचेरी एकाच नात्यात गुंतलेली. त्या प्रकरणातील दत्तकाचा वाद १९०१ मध्ये ताईमहाराजांनी दत्तक घेतलेल्या कोल्हापूरच्या बाळा महाराजांपर्यंत आला आणि प्रिव्ही कौन्सिलचा (लंडनमधील तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायासनाचा) निकाल १९१५ मध्ये लागला. तेव्हा या काळातील एखाद्या नोंदीत कोल्हापूरकराचे नाव आढळले, तर तो संबंध स्नेहाचा की दाव्याचा, हे मागची-पुढची पाने वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.

म्हणून ज्या घरांत अशा वह्या आहेत त्यांना कळकळीची विनंती, की मोठ्या नावाचे तेवढे पान फोटोसाठी बाजूला काढून बाकीची वही रद्दीत घालू नये. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर किंवा येथील पुराभिलेखागार यांच्याशी बोलून संपूर्ण वहीची प्रत जतन करण्याची सोय पाहावी. मागच्या पानांवरचे हिशेब आणि समासातल्या बारीक नोंदीसुद्धा त्यात याव्यात.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर