स्क्रीनवरचा केस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, वय ५१, चष्मा दहावीपासून आणि आता नंबर मायनस सहा. आमच्याकडे प्रोफाइल प्रोजेक्टर असतो, म्हणजे छोटा जॉब (तपासायचा पार्ट) टेबलावर ठेवायचा, लाइट मारायचा आणि त्याची सावली मोठी होऊन समोरच्या काचेवर पडते ती मापायची. दिवाळीनंतर एकदा सेकंड शिफ्टला त्या काचेवर केस दिसला. पुसला. परत तिथेच. हाताखालच्या पोराला म्हटलं अरे काच नीट पुसत जा, तो म्हणे काका काहीच नाहीये तिथं. मग लक्षात आलं की मी नजर फिरवतो तसा केस पण सरकतोय आणि नीट बघायला गेलं की बाजूला पळतोय.

घरी बोललो नाही. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना वर आभाळाकडे बघितलं तर केस, ठिपके, कोळ्याचं जाळं, सगळंच तरंगत होतं. रात्री मोबाईलवर शोधायला बसलो, दोन वाजेपर्यंत मला ब्रेन ट्यूमर झालेला होता. शेवटी हिला सांगितलं तर ही म्हणे तुमचा उजवा डोळा लवत होता ना मागे, पुरुषाचा उजवा लवला की चांगलं असतं. घ्या! मेडिकलवाल्याला विचारलं तर त्याने न बघताच ड्रॉप दिले, ते मी आठ दिवस घातले पण. नंतर डोळ्याच्या डॉक्टरांनी बाटली बघितली आणि चिडलेच, त्यात स्टेरॉइड होतं, असे ड्रॉप मनाने घालत राहिलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो म्हणाले.

त्यांनी औषध टाकून बाहुली मोठी केली आणि आतला पडदा सगळा तपासला. (गाडी घेऊन जाऊ नका बरं का, येताना मुलाच्या मागे बसलो तरी त्र्यंबक नाक्यावर दुपारच्या उन्हात डोळे उघडवेनात.) पडदा ठीक निघाला. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो, बहुतेक सगळं पाणीच, थोडे बारीक तंतू. वयाप्रमाणे ती जेली पातळ होते, तंतूंच्या गुठळ्या होतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. जाड चष्मेवाल्यांना हे जरा लवकर होतं. मी म्हटलं डॉक्टर हा तर आमचा प्रोजेक्टरच झाला, जॉब आत आणि सावली पडद्यावर, ते हसले. म्हणजे मी महिनाभर स्वतःच्या डोळ्यातली सावली फडक्याने पुसत होतो! सुश्रुतसंहितेत पण डोळ्यांच्या दुखण्यात माश्या, डास, केस, जाळी दिसतात असं आलंय, तेव्हा हे काही मोबाईलमुळे आलेलं नवीन खूळ नाही.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. चहाच्या सुट्टीत हे सांगितलं तर टेबलावरच्या प्रत्येकाकडे एक एक निघालं. एकाला रात्री सामसूम झाली की कानात कुईं आवाज येतो. एकाला झोप लागता लागता विहिरीत पडल्यासारखा झटका बसतो. एकाचा फोन टेबलावर असतो आणि खिशात व्हायब्रेट होतो. एकाला निळ्या आभाळात बारीक चमकते ठिपके सुळसुळ पळताना दिसतात, ते म्हणे पडद्यावरच्या बारीक नसांतून जाणाऱ्या आपल्याच पांढऱ्या पेशी असतात, मला तर हे फारच भारी वाटलं. यातलं एकानेही कधी डॉक्टरला विचारलेलं नाही, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी कोण जातं आणि लोक वेडा म्हणतील ते वेगळंच.

आपल्या आरोग्य पुरवणीत वजन, शुगर, बीपी दर आठवड्याला असतंच. एखादा चौकोन असल्या फुटकळ वाटणाऱ्या प्रश्नांना द्या ना, वाचकांनी विचारायचं आणि नाशिकच्याच डॉक्टरांनी उत्तर द्यायचं. बहुतेक उत्तरं "काही नाही, सवय होईल" अशीच असतील, पण ते डॉक्टरने सांगितलेलं बरं.

आणि काही "काही नाही" नसतात. आमच्या नात्यातल्या एका मावशींना अचानक खूप ठिपके दिसायला लागले, अंधारात वीज चमकल्यासारखं, मग एका बाजूने काळा पडदा सरकल्यासारखा. दुखत नव्हतं म्हणून मोतीबिंदू असेल समजून लग्नकार्य उरकेपर्यंत थांबल्या. डोळ्यातला पडदा सुटत होता, आणि त्या पडद्याला दुखणं कळतच नाही. ऑपरेशन झालं पण त्या डोळ्याने आता माणसाचा नुसता आकार दिसतो. असं झालं की त्याच दिवशी दाखवायचं असतं, डायबेटिसवाल्यांनी तर एकदम ठिपके वाढले तरी थांबायचंच नाही, आत रक्त उतरलेलं असू शकतं. हे मला माझा केस निघाला म्हणून कळलं, मावशींना कोणी सांगितलंच नव्हतं.

पत्र छापलं तर हा वरचा मजकूर जरा मोठ्या टाइपात घ्या, ज्यांच्यासाठी आहे त्यांना बारीक वाचता येत नाही.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक