आयर्लंडमधल्या कोव्ह गावाच्या चढावर माझ्या आईशेजारी खाली बसलेल्या मामांना

मामा,

तुमच्याकडे असं कुणाला मामा म्हणत नसतील, पण तुम्ही आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान आणि आईने परत आल्यापासून तुमचा उल्लेख "माझा तिकडचा भाऊ" असाच चालवलाय, तेव्हा तुम्ही मामाच. इंग्रजीत एक कार्ड तुम्हाला आधीच पाठवलंय, त्यात थँक यू फॉर एव्हरीथिंग वगैरे लिहिलं, तेवढंच जमलं. बाकीचं मराठीतच येतंय आणि ते चार लोकांनी वाचावं असंही वाटतंय, म्हणून हे पत्र.

आधी राग काढून घेते, नाहीतर तो मध्ये मध्ये येत राहील.

आमच्या टूरच्या कागदावर कोव्हपुढे लिहिलं होतं "लेझर वॉक, सीनियर फ्रेंडली", म्हणजे आरामात फिरणं, वयस्कर माणसांना झेपेल असं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याने ते गाव फक्त फोटोत पाहिलं असणार. खाली बंदर, स्टेशन, प्रोमेनेड एवढाच काय तो सपाट भाग, बाकी अख्खं गाव डोंगराच्या अंगावर चढवलेलं. वर सेंट कोलमन्स कॅथेड्रल, १८६८ ला बांधायला घेतलं आणि १९१५ ला पूर्ण झालं, आणि त्याच्या खालच्या चढावर ती रंगीबेरंगी २३ घरं एकाला एक टेकून उभी, "डेक ऑफ कार्ड्स" म्हणतात त्यांना. सगळ्यांना तोच फोटो पाहिजे असतो, आम्हालाही पाहिजे होता. भुरभुर पाऊस, फुटपाथ ओला, आईचे गुडघे आधीच कुरकुरणारे. उतरताना तिचा पाय मुरगळला आणि ती बसलीच खाली, तिथेच, फुटपाथवर.

टूर मॅनेजर आला. पहिलं घड्याळ बघितलं. मग मला विचारलं, "मॅडम, आंटींना नी प्रॉब्लेम आधीपासून होता का?" आई त्याच्यापासून दोन हातांवर बसलेली, मराठी तिला येतं हो, बहिरीही नाहीये, पण प्रश्न मला. मग म्हणाला बसचा पार्किंग टाइम संपतोय, पुढे ब्लार्नीच्या किल्ल्याचा स्लॉट आहे, तुम्ही असं करा टॅक्सी करून कॉर्कच्या हॉटेलवर जा, बिल सांभाळून ठेवा, बघू. ते "बघू" अजून बघणं चालू आहे.

आणि आमचा ग्रुप, तो तर काय विचारू नका. डब्लिनपासून "मावशी, चकली आहे का हो अजून" करत आईच्या डब्यावर तुटून पडणारी मंडळी "टेक केअर हं आंटी" म्हणत एकेक करून उताराला लागली. बसमधून एकीने व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकला. त्या इमोजीला बाकीच्यांचे चौदा-पंधरा हात येऊन जोडले गेले. एकही हात आईला उठवायला आला नव्हता. आपल्याकडे चांगली माणसं नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही, भरपूर आहेत, पण त्या बसमध्ये त्या दिवशी एकही नव्हतं.

झालं. आता तुम्ही.

समोरच्या गल्लीतलं एक दार उघडलं आणि तुम्ही आलात, हिरवा स्वेटर, पायात घरातल्या सपाता. मला वाटलं रस्ता अडवला म्हणून सांगायला येताय. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. सरळ आईजवळ गेलात आणि तिच्या शेजारी खाली बसलात. त्या ओल्या फुटपाथवर, सत्तरीच्या माणसाने, एका हाताने भिंत धरून हळूहळू स्वतःला खाली सोडत. चढावरून पाण्याची बारीक धार वाहत होती, ती तुमच्या पँटीखालून पुढे जायला लागली, तुम्ही तिच्याकडे बघितलंही नाहीत. मग आईकडे तोंड करून, आईला विचारलंत, दुखतंय का खूप.

तिला इंग्रजी येत नाही हे मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत आणि परत तिच्याकडेच बघून बोललात. मी मराठीत सांगायचे, ती मराठीत उत्तर द्यायची, आणि ती बोलत असताना तुम्ही माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघत ऐकायचात, एक शब्द कळत नसताना, पूर्ण वाक्य संपेपर्यंत. मग माझ्याकडे वळायचात. घाई नाही, उठा उठा नाही, बगलेत हात घालून ओढणं नाही. पावसाबद्दल काहीतरी बोललात, इथे पाऊस थांबला तर लोक घाबरतात असं काहीसं, आणि मी ते सांगितल्यावर आई त्या अवस्थेत हसली.

मला माहीत नाही तुम्हाला हे कितपत कळेल. आई गेली काही वर्षं जिथे जाते तिथे लोक तिच्याबद्दल बोलतात, तिच्याशी नाही. डॉक्टर मला विचारतात झोप लागते का त्यांना. बँकेतला माणूस म्हणतो यांची सही घ्या. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणारा मुलगा विचारतो यांना वॉशरूमला जायचंय का. वाईट कुणीच नसतं त्यात, सगळे मदतच करत असतात, पण सगळे उभे राहून, तिच्या डोक्यावरून. आणि चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली, पोरांना धाक असलेली बाई अशा वेळी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत गप्प बसते. त्या फुटपाथवर ती गप्प बसली नाही. तिने तुम्हाला तिचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि तुमच्या सपाता भिजताहेत म्हणून तुम्हाला रागावली सुद्धा, ते मी भाषांतर केलंच नाही पण तुम्ही तुमच्या पायांकडे बघितलंत म्हणजे पोचलं असावं. मग बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, चल, उठते आता. तेव्हा तुम्ही कोपर पुढे केलंत. धरलं तिने.

तुमच्या स्वयंपाकघरात चहा मिळाला, तुमच्याकडच्या बॅरीज कंपनीचा, लालभडक, त्यात दूध घातल्यावर रंग आला तसा तो आख्ख्या ट्रिपमध्ये कुठल्या हॉटेलात आला नव्हता, आई म्हणाली हा खरा चहा. बिस्किटात अंडं आहे का हे तिने मला खुणेने विचारलं, तुम्ही ते टिपलंत, कपाटातून चष्मा काढून आणलात आणि पुड्यावरची बारीक अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचलीत, मैदा, साखर, पाम तेल, असं शेवटपर्यंत. एवढं वेळ लावून तर मी पण वाचत नाही.

खिडकीतून बंदर दिसत होतं. बरोबर समोर स्पाइक आयलंड, तो किल्ला, आणि तुम्ही सांगितलंत की १८४७ पासून तिथे कैदी ठेवायचे, आणि बाकी देश स्वतंत्र झाला तरी हे बंदर ब्रिटिशांनी स्वतःकडेच ठेवलं होतं, ते १९३८ ला सोडलं. आई लगेच म्हणाली, म्हणजे अंदमानच की. मी तुम्हाला अंदमान समजावून सांगितलं, समुद्र, बेट, जेल, राजकैदी, तर तुम्ही खुर्ची ओढून पुढे सरकलात. मग तासभर आमच्या टूर मॅनेजरने माइकवर जे सांगितलं नव्हतं ते तुम्ही सांगितलंत.

त्याचं सगळं टायटॅनिक टायटॅनिक. बरोबर आहे म्हणा, गाव त्यावरच चालतं. ११ एप्रिल १९१२, इथून १२३ लोक चढले, तेव्हा गावाचं नाव क्वीन्सटाउन होतं. पण तुम्हीच म्हणालात की ते जहाज धक्क्याला लागलंच नव्हतं, बाहेर रोचेस पॉइंटजवळ नांगर टाकून उभं राहिलं, लोकांना छोट्या बोटींनी नेलं आणि दुपारी गेलं निघून. गावाच्या अंगावर जे खरं आलं ते तीन वर्षांनी, लुसिटानिया. ७ मे १९१५, जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो, अठरा मिनिटांत जहाज बुडालं, जवळजवळ १२०० माणसं गेली. मच्छीमारांच्या होड्यांपासून टगबोटींपर्यंत जे काही तरंगत होतं ते मदतीला गेलं आणि जिवंत माणसं नि मृतदेह दोन्ही याच धक्क्यावर उतरवले. गावाने ओलीचिंब, परकी, कोण कुठली माणसं घराघरांत घेतली, कपडे दिले. मेलेल्यांपैकी दीडशेच्या वर गावच्या जुन्या कबरस्तानात आहेत, बरेचसे सामूहिक कबरींमध्ये, नावं न कळलेले.

हे तुम्ही मोठेपणा म्हणून सांगत नव्हतात. आजीच्या आजारपणाबद्दल सांगावं तसं सांगत होतात.

आणि मग तुम्ही एकच शब्द म्हणालात, कनिष्क. मी भाषांतर करायच्या आधीच आईने कप खाली ठेवला. तिला आठवत होतं. २३ जून १९८५, माँट्रिअलहून लंडनमार्गे दिल्लीला येणारं एअर इंडियाचं विमान, बॉम्ब, ३२९ माणसं, तुमच्याच किनाऱ्यापुढच्या समुद्रात. तेव्हा आई तिशीत होती, मी कडेवर. १३१ मृतदेह मिळाले, कॉर्कच्या हॉस्पिटलात आणले, तुमच्या नौदलाचं जहाज त्या कामात होतं. तुम्ही म्हणालात की नातेवाईक आले तेव्हा कॉर्कच्या लोकांनी त्यांना एकटं सोडलं नाही, आणि अहाकिस्टा नावाच्या एका लहानशा गावात समुद्राकडे तोंड करून स्मारक आहे, तिथे दर २३ जूनला गावातले लोक अजून जमतात. आपल्याकडे किती जणांना ती तारीख माहीत आहे? मलाही आईमुळेच थोडीफार. जी माणसं आपली नव्हती त्यांच्यासाठी एक गाव दरवर्षी सकाळी उठून तिथे जाऊन उभं राहतं, आणि आमच्या बसला पार्किंगची दहा मिनिटं वाढवून मिळाली नाहीत.

बघा, परत आला राग.

पुढचं, तुमची गाडी, हॉस्पिटल, एक्स-रे, तो सगळा भाग मी सोडून देते. हाड मोडलं नव्हतं, लिगामेंट ताणलं होतं, आता ती घरात फिरते, बाहेर जाताना काठी. जाताना तुम्ही केसमेंट स्क्वेअरला गाडी हळू केलीत, लुसिटानियाचं स्मारक आईच्या बाजूच्या खिडकीतून दिसावं म्हणून, वर देवदूत आणि खाली ते दोन खचलेले पुरुष. आणि बंदरावर अ‍ॅनी मूरचा पुतळा दाखवलात, दोन धाकट्या भावांना घेऊन निघालेली सतरा वर्षांची पोरगी, १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर उतरलेली पहिली. तुम्ही सांगितलंत की १८४८ ते १९५० मध्ये आयर्लंड सोडून गेलेल्या ६० लाखांपैकी २५ लाख या एका बंदरातून गेले. आई पुतळ्याकडे बघत म्हणाली, यांच्या आया कुठे उभ्या राहायच्या गं? माझा भाऊ न्यू जर्सीत असतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मी प्रश्न तुम्हाला सांगितला. तुम्ही गाडी थांबवलीत आणि बोटाने दाखवलंत, तिथे, त्या कठड्यापाशी. बस्स, पुढे काही बोलला नाहीत.

पैसे घेतले नाहीत तुम्ही. मी पर्स उघडली तर तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की परत बंद केली. तुमची पँट तेव्हाही ओलीच होती, मागून सगळी काळी पडलेली, बदलायला सुद्धा गेला नव्हतात इतक्या वेळात. हॉस्पिटलच्या दारातून आम्हाला सोडून तुम्ही गाडीकडे चालत गेलात तेव्हा आईला ते दिसलं. तिथून ते थेट मुंबईच्या विमानापर्यंत तिचं एकच, अगं तो माणूस खाली बसला. शेजारणींना, बहिणींना, फिजिओथेरपीवाल्या मुलीला, सगळ्यांना आयर्लंडबद्दल ती हेच सांगते. कॅथेड्रलच्या ४९ घंटा, मोहेरचे कडे, गिनेस बिअरची फॅक्टरी, जे पैसे भरून दाखवलं त्यातलं काही नाही.

कंपनीकडून मेसेज आलाय, तुमचा अनुभव पाच स्टारमध्ये सांगा. सांगणारे, सविस्तर.

तुमचा पत्ता माझ्याकडे आहे, तो इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. त्या पत्त्यावर आईने एक डबा पाठवलाय. चकल्या, शंकरपाळे, खोबऱ्याच्या वड्या, बेसनाचे लाडू. पोस्टातल्या माणसाने वजन बघून दोनदा विचारलं की खाण्याचंच आहे ना सगळं. चकल्या मोडून येणार हे नक्की, तो भुगा टाकू नका, चहाबरोबर चमच्याने खा, आमच्याकडे तसाच खातात. आणि पुड्यावर वाचायला काही लिहिलेलं नाहीये म्हणून सांगते, तांदूळ, डाळी, तीळ, तिखट आणि तेल. तिखट आईने तुमच्यासाठी कमी घातलंय असं ती म्हणते, माझा विश्वास नाही, पाणी जवळ ठेवा.

आईचा नमस्कार.

तुमची भाची